मुलांच्या दाढा व गरिबांचा खिसा

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या सहावीच्या वर्गांतील एक मुलगा चार दिवस शाळेंत आला नाहीं. पांचव्या दिवशीं आला तो गालास रुमाल बांधून. विचारितां समजलें कीं, दाढ दुखत होती. आईनें लवंग चेपली, आजीनें मिस्री लाविली, शेजाऱ्यांनीं रिंगणीच्या बियांची धुरी द्यावयास सांगितली, तीही झाली. आणि अखेर गाल सुजून डोळा मिटूं लागला तेव्हां बाप मजुरी बुडवून त्याला शहरांत घेऊन गेला व दाढ काढून परत आला. खर्च किती झाला हें मुलानें सांगितलें नाहीं. परंतु पेरणीच्या ऐन दिवसांत उसनवारी करावी लागली, एवढें आम्हांस मागाहून कळलें. काढलेली ती दाढ दुधाची नव्हती. ती कायमची होती व तिच्या जागीं दुसरी येणार नव्हती.

ही हकीकत येथें लिहिण्याचें कारण निराळेंच आहे. आदल्या हिंवाळ्यांत शासनाचें आरोग्य पथक आमच्या शाळेंत येऊन गेलें होतें. त्यांतील डॉक्टरांनीं मुलांचीं तोंडें पाहून कांहीं जणांच्या नांवें चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या. एक चिठ्ठी या मुलाच्याही नांवाची होती, आणि ती त्याच्या घरीं पोंचलीच नव्हती. ती आमच्या मेजाच्या खणांत, परीक्षेच्या कागदांखालीं पडून होती. त्या वेळीं दाढेस लहानसा खड्डा होता. तो विनामूल्य अथवा अगदीं थोड्या पैशांत भरून निघाला असता. शिक्षकाच्या हातून कागद गहाळ होतो ही नवलाची गोष्ट नव्हे, पण त्या कागदाची किंमत मुलाच्या तोंडांत मोजली गेली हें आमच्या मनास लागून राहिलें. त्या दिवसापासून या विषयाची आम्हीं जी चौकशी केली ती पालकांपुढें मांडावी, या हेतूनें हा लेख लिहिला आहे.

प्रथम ही कीड म्हणजे काय तें पाहूं. दांतांत किडा शिरून तो पोखरतो, ही समजूत केवळ आपल्याकडची नव्हे. ती एके काळीं जगभर होती. आठवडी बाजारांत धुरी देऊन पांढरे "किडे" काढून दाखविणारे लोक आमच्या लहानपणीं आम्हींही पाहिले आहेत. ते कण दांतांतले नसतात, असें त्या वेळीं कोणीं सांगितलें असतें तरी आम्हांस पटलें नसतें, इतका तो खेळ मोठ्या सफाईनें चाले. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानें १७२८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ही किड्याची कल्पना नाकारली. आणि पुढें १८९० सालीं बर्लिन येथें संशोधन करणाऱ्या मिलर या अमेरिकन गृहस्थानें खरा प्रकार काय आहे तो मांडला. आपल्या तोंडांत डोळ्यांस न दिसणारे असंख्य जंतु असतात. दांतांस चिकटून राहिलेली साखर व पीठ हें त्यांचें अन्न. तें खाऊन ते आम्ल उत्पन्न करितात, आणि तें आम्ल दांतावरील कठीण कवच थोडें थोडें विरघळवितें. उलटपक्षीं आपली लाळ ही झीज भरून काढण्याचें काम अहोरात्र करीत असते. विरघळणें अधिक व भरून येणें कमी झालें, म्हणजे कवचावर पहिल्यानें खडूसारखा पांढरा डाग दिसतो, मग तो तपकिरी होतो, आणि शेवटीं तेथें खड्डा पडतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. मुलानें गोड किती खाल्लें यापेक्षां दिवसांतून किती वेळां खाल्लें, याला महत्त्व अधिक आहे. गोड पदार्थ तोंडांत गेला कीं पुढें सुमारें अर्धा तास आम्लाचा अंमल चालतो, मग लाळ त्यास आवरते. जेवणाबरोबर गुळाचा मोठा खडा खाणाऱ्या मुलाच्या दांतांवर हा हल्ला एकदां होतो. तेवढीच साखर गोळ्यांच्या रूपानें सकाळपासून संध्याकाळपर्यंत चघळणाऱ्या मुलावर तो दहा वेळां होतो. पुष्कळ पालक आम्हांस विचारितात कीं, "गुरुजी, आमच्या घरीं मिठाई कोठून येणार? मग पोराचे दांत कां किडले?" याचें उत्तर मिठाईंत नाहीं. तें सकाळच्या गोड चहांत बुडविलेल्या बिस्किटांत, शेतावर जातांना रडूं नये म्हणून मुलाच्या हातीं दिलेल्या पांच रुपयांच्या पुड्यांत, आणि तान्ह्या मुलाच्या तोंडांत रात्रभर राहणाऱ्या साखरेच्या दुधाच्या बाटलींत आहे. आईबाप दोघेही मजुरीस जाणाऱ्या घरांत हें सर्व निरुपायानें घडतें, हें आम्ही जाणतों; म्हणून यांत दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. हें दुःख आपल्या एकट्याचेंही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं काढलेल्या अहवालाप्रमाणें जगांत सुमारें साडेतीनशें कोटी माणसांस तोंडाचा कांहींना कांहीं विकार आहे, आणि ज्यांचे दुधाचे दांत किडलेले आहेत अशीं मुलें ५१ कोटींहून अधिक आहेत.

"दुधाचे दांत पडणारच आहेत, त्यांवर पैसा कशास घालावा?" हा प्रश्न आम्हांस जितक्या वेळां ऐकावा लागतो तितका दुसरा कोणताही नाहीं. पैशाची चणचण असलेल्या घरांत तो अगदीं वाजवी वाटतो, म्हणून त्याचें उत्तर नीट द्यावयास हवें. दुधाचे दांत एकंदर वीस. त्यांतील पुढचे सहासात वर्षांच्या सुमारास पडूं लागतात हें खरें. परंतु मागील दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडांत राहावयाच्या असतात. चवथ्या वर्षीं किडलेल्या दाढेनें मुलास आणखी सहा-सात वर्षें काढावयाचीं असतात. ती दाढ लवकर काढून टाकली तर शेजारचे दांत त्या रिकाम्या जागेंत सरकतात व खालून येणाऱ्या कायमच्या दांतास वाट उरत नाहीं. तो वांकडा येतो. आणि ती तशीच सडूं दिली तर तिच्या मुळाशीं झालेला पू खालच्या कोवळ्या दांतास इजा करूं शकतो. दुखरी दाढ असलेलें मूल एका बाजूनेंच चावतें, पोटभर जेवत नाहीं, रात्रीं झोंपत नाहीं, आणि वर्गांत आमच्यापुढें पेंगत बसतें. त्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं त्याचें तोंड उघडून पाहावें, हें आम्ही फार उशिरां शिकलों.

परंतु सर्वांत मोठी फसवणूक होते ती सहाव्या वर्षीं येणाऱ्या दाढेची. ही कायमची पहिली दाढ. ती कोणताही दांत पडल्यावांचून, दुधाच्या सर्व दांतांच्या मागें, गुपचूप येते. दांत पडला नाहीं, म्हणून घरांत कोणास तिची वार्ता लागत नाहीं. आणि पुढें ती किडली तर "दुधाचीच असेल, पडेल" असें म्हणून सोडून दिली जाते. वर सांगितलेल्या मुलाची गेली ती हीच. विद्यार्थ्यांनीं आज घरीं गेल्यावर आरशापुढें उभें राहून, अथवा धाकट्या भावंडास उजेडांत बसवून, ही दाढ शोधावी. दोन पुढच्या दांतांमधील रेषेपासून एका बाजूस मोजीत जावें. पांचपर्यंत दुधाचे दांत अथवा त्यांच्या जागीं आलेले नवे. सहावी जी रुंद दाढ लागते ती आपली जन्माची सोबतीण. अशा चार दाढा असतात. त्यांच्या माथ्यावर खोल चिरा असतात व ब्रशाचे केस त्यांच्या तळाशीं पोंचत नाहींत, म्हणून कीड बहुधा तेथूनच आरंभ करिते.

आतां खर्चाचा विचार करूं. दांताच्या दुखण्याचा खर्च हा वेळेबरोबर चढत जाणारा असतो. सावकाराच्या व्याजासारखा, असें म्हटलें तर आमच्या शेतकरी पालकांस तो चटकन समजेल. दाढ नुकतीच आली आहे व निरोगी आहे, अशा वेळीं तिच्या चिरांत एक पातळ लेप भरून टाकितात. त्यास टोंचणें नाहीं, कोरणें नाहीं. पांढरा डाग दिसूं लागला तर फ्लोराइडचा लेप लाविला असतां तो पुष्कळदां तेथेंच थांबतो. लहान खड्डा पडला असेल तर यंत्रावांचून, नुसत्या हातांतील अवजारांनीं सडका भाग खरवडून त्यांत ग्लास आयोनोमर नांवाचें सिमेंट भरितां येतें. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकांत आफ्रिकेंतील टांझानिया देशांत, जेथें वीज नाहीं व दंतवैद्याची खुर्ची नाहीं अशा खेड्यांसाठीं बसविण्यांत आली, आणि १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तिचा पुरस्कार केला. शाळेच्या बाकावर मुलास निजवून ती करतां येते.

आणखी एक औषध आहे, त्याची माहिती आमच्या भागांत फारच थोड्यांस आहे. चांदी व फ्लोराइड यांचा तो द्राव असून त्यास सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड असें लांबलचक नांव आहे. जपानांत तो १९७० च्या सुमारास वापरांत आला. किडलेला भाग कोरडा करून त्यावर हा द्राव थेंबभर लाविला म्हणजे जंतु मरतात व कीड पुष्कळदां जागच्या जागीं कठीण होऊन थांबते. त्याचा दोष एकच, व तो लपविण्यांत अर्थ नाहीं: लाविलेला भाग काळा पडतो आणि काळाच राहतो. समोरच्या दांतास तो काळेपणा आईस खपणार नाहीं. पण मागच्या दुधाच्या दाढेस, सुईस भिऊन किंचाळणाऱ्या चार वर्षांच्या मुलास, आणि पुन्हां पुन्हां फेऱ्या मारण्याची ऐपत नसलेल्या बापास, न दुखणारी काळी दाढ ही दुखणाऱ्या पिवळ्या दाढेपेक्षां शतपट बरी. २०२१ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आवश्यक औषधांच्या आपल्या यादींत फ्लोराइडयुक्त पेस्ट, हा चांदीचा द्राव व वरील सिमेंट, या तिहींचा समावेश केला. दंतवैद्याकडे गेल्यावर "हा द्राव लावून चालेल काय?" असें पालकांनीं अवश्य विचारावें, विचारण्यास पैसे पडत नाहींत.

हा टप्पा चुकला व कीड मज्जेपर्यंत पोंचली, म्हणजे दांताच्या मुळांतील नळ्या साफ करून भरण्याचा उपचार येतो. त्यास चार-दोन खेपा व खाजगी ठिकाणीं कित्येक हजार रुपये लागतात. तेवढे नसले म्हणजे दाढ काढणें हाच मार्ग उरतो. गरिबांच्या मुलांच्या दाढा अधिक काढल्या जातात याचें कारण त्यांच्या दाढा निराळ्या असतात हें नव्हे. ते दंतवैद्याकडे पोंचतात ते या शेवटच्या टप्प्यावर, एवढेंच आहे.

तर मग आधींच्या टप्प्यावर जावें कोठें?

वाशिमास रुग्णसेवा नवी नाहीं. डॉ. ऑर्फा स्पायशर या अमेरिकन मिशनरी बाईंनीं नाझरीन मंडळीच्या वतीनें १९३८ सालीं येथें रुग्णालय चालू केलें, तें पुढें रेनॉल्ड्स मेमोरियल या नांवानें दूरवर ओळखलें जाऊं लागलें. परंतु त्या काळीं दंतवैद्याची गोष्टच निराळी होती; दंतवैद्यकाच्या धंद्यास शिस्त लावणारा कायदा आपल्या देशांत झाला तोच मुळीं १९४८ सालीं. खेड्यांतला दांत काढावयाचा तो न्हावी किंवा बाजारांतला चटईवरचा माणूस. हा चटईवरचा माणूस अजून पुरता गेलेला नाहीं, आणि न उकळलेल्या चिमट्यानें दांत काढणारा स्वस्त पडतो असें मानणाऱ्यांनीं, त्यांतून रक्ताचे कोणते रोग अंगांत शिरूं शकतात याची चौकशी एखाद्या डॉक्टरापाशीं करावी.

पहिलें दार शाळेंतच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या नांवाची योजना ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्याच राज्यांत पालघर येथें सुरू झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हें तिचें काम. फिरतें पथक अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शासकीय तसेंच अनुदानित शाळांत एकदां येतें, आणि ज्या आजारांसाठीं तें मुलांस पाहतें त्यांत दांतांचे विकारही आहेत. पथक स्वतः दाढ भरीत नाहीं. तें चिठ्ठी देतें, आणि त्या चिठ्ठीवर पुढील उपचार विनामूल्य व्हावयाचा असतो. सारा खेळ त्या चिठ्ठीचा आहे. ती दप्तरांत चुरगळते, पुस्तकांत खूण म्हणून राहते, किंवा आमच्यासारख्याच्या खणांत जाते. पालकांनीं तपासणी झाल्याचें मुलाकडून कळतांच दुसऱ्या दिवशीं शाळेंत येऊन "आमच्या मुलाची चिठ्ठी आहे काय?" असें विचारावें. आम्हांस त्याचा राग येणार नाहीं.

दुसरें दार शासकीय रुग्णालयाचें. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झालेला आपला जिल्हा लहान आहे. रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर व मानोरा येथें ग्रामीण रुग्णालयें, कारंजास उपजिल्हा रुग्णालय, आणि वाशिमास जिल्हा रुग्णालय अशी मांडणी आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यांत विनामूल्य करण्यांत आले आहेत. प्रत्येक ठिकाणीं रोज दंतवैद्य भेटेलच असें मात्र गृहीत धरूं नये. मजुरी बुडवून जावें आणि "डॉक्टर आज नाहींत" असें ऐकून परतावें, ही गरिबाची खरी फी होय, व ती कोणत्याही पावतीवर येत नाहीं. म्हणून निघण्यापूर्वीं गांवच्या आशा कार्यकर्तीकडून दंतवैद्य कोणत्या वारीं व किती वाजतां बसतात, त्या दिवशीं दाढ भरतात कीं नुसत्या काढतात, हें विचारून घ्यावें. दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे. वाशिमास २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे, त्यामुळें येथील सोयींत बदल होत आहेत. जुनी माहिती धरून बसूं नये.

तिसरें दार दंत महाविद्यालयाचें, आणि आमच्या मतें मध्यम खर्चाच्या कामास हें सर्वांत उपयोगी. दंतवैद्यकीचा विद्यार्थी पुस्तक वाचून दाढ भरावयास शिकत नाहीं. त्यास रोगी लागतात. यामुळें अशा महाविद्यालयांशीं जोडलेल्या रुग्णालयांत दर खाजगी दवाखान्यांपेक्षां बरेच कमी असतात, आणि लहान मुलांच्या दांतांसाठीं निराळा विभाग असतो. "विद्यार्थ्यांच्या हातीं आपलें मूल कसें द्यावें?" अशी शंका येणें स्वाभाविक आहे. परंतु तेथें काम प्राध्यापकांच्या देखरेखीखालीं, टप्प्याटप्प्यानें तपासून होतें. तोटा असेल तर वेळेचा: जें काम खाजगी डॉक्टर अर्ध्या तासांत करील त्यास तेथें सबंध सकाळ जाईल, आणि एकाऐवजीं तीन खेपा पडतील. वाशिम-रिसोडकडील लोकांस हिंगोलीचें डॉ. हेडगेवार स्मृति रुग्ण सेवा मंडळाचें दंत महाविद्यालय जवळ पडतें. हिंगोली ही अकोला-पूर्णा रेल्वेच्या मार्गावरच आहे. कारंजाकडील लोकांस अमरावतीचें विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचें महाविद्यालय सोयीचें. शासनाचीं स्वतःचीं दंत महाविद्यालयें नागपूर (१९६८) व छत्रपति संभाजीनगर (१९८२) येथें आहेत. अवघड कामासाठीं, म्हणजे फांटलेला टाळू, जबड्याची गांठ, अपघातानें मोडलेले दांत अशांसाठीं, तितकें लांब जाणें सार्थकीं लागतें.

महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेविषयीं पुष्कळांचा गैरसमज आहे. ती मुख्यत्वें रुग्णालयांत दाखल होऊन करावयाच्या मोठ्या उपचारांसाठीं आहे. साध्या दाढेच्या भरण्यास तिचा आधार मिळेल अशा आशेवर थांबून राहूं नये.

प्रवासाचा हिशेबही मांडला पाहिजे, कारण पुष्कळदां औषधापेक्षां गाडीभाडें जड होतें. राज्य परिवहनाच्या गाडींत पांच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धें तिकीट पडतें, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांसही अर्धेंच. तेव्हां मुलाबरोबर बापाऐवजीं आई गेली तर दोघांचें मिळून एकच तिकीट होतें. पंचाहत्तरी ओलांडलेल्या वडील माणसांस तर तिकीटच नाहीं. नातवंडास घेऊन आजी गेली तर खर्च आणखी उतरतो, मात्र आजीनें वाटेंत त्यास गोळ्या घेऊन देऊं नयेत. पहिल्या खेपेसच घरांतील सर्व मुलांस दाखवावें. एकाच्या दुखऱ्या दाढेच्या निमित्तानें दुसऱ्याच्या न दुखणाऱ्या खड्ड्याचा शोध लागतो. शाळेची चिठ्ठी, आधारपत्रिका, शिधापत्रिका व आधीं काढलेलें क्षकिरण चित्र बरोबर असावें. पुढील खेपेची तारीख मागतांना शाळेच्या सुट्टीचा व शेतांतील हंगामाचा विचार उघडपणें सांगावा. सांगितलें तर बहुधा ऐकिलें जातें.

खाजगी दंतवैद्याकडेच जाणें भाग पडलें तर संकोच न करतां चार गोष्टी विचाराव्या. एकंदर खर्च किती येईल. त्याहून स्वस्त पर्याय आहे काय. हप्त्यानें पैसे चालतील काय. आणि दाढ काढावयास सांगितली असेल तर ती दुधाची कीं कायमची. कायमची असेल, मूल लहान असेल, आणि सूज नसेल, तर काढण्यापूर्वीं एकदां दंत महाविद्यालयांत दाखवून यावें. आमच्या ओळखीचे असे कांहीं दंतवैद्य आहेत कीं जे स्वतःच हा सल्ला देतात.

मात्र गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, किंवा गिळतांना त्रास होऊं लागला, तर स्वस्त-महागाचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें, मग रात्र असो वा सण. दाढेचा पू मानेकडे उतरला तर जीवास धोका असतो. अशा सुजेस गरम विटेनें शेकूं नये. डोकेदुखीची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची जी चाल आहे तिनें हिरडी भाजते, दाढ बरी होत नाहीं. लवंगेच्या तेलानें थोडा वेळ बरें वाटतें, व दंतवैद्यही लवंगेंतील तोच अंश आपल्या तात्पुरत्या सिमेंटांत वापरतात. पण तो दंतवैद्याकडे पोंचेपर्यंतचा आधार आहे, उपचार नव्हे.

घरच्या घरीं करावयाचें फार नाहीं. रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासणें हें सकाळच्या घासण्याहून अधिक मोलाचें, कारण झोंपेंत लाळ कमी सुटते. पेस्ट घेतांना वेष्टनावर फ्लोराइड असल्याचें वाचून घ्यावें. महाग पेस्टीची गरज नाहीं. तीन वर्षांच्या आंतील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व त्यावरील लहान मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातींत ब्रशभर दाखवितात ती विकणाऱ्याच्या सोयीसाठीं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातावर विसंबूं नये, मोठ्यानें घासून द्यावें. राखुंडीच्या भरड कणांनीं दांत उजळतात असें दिसतें, प्रत्यक्षांत कवच घासलें जातें. आणि मिस्री म्हणजे भाजलेली तंबाखू होय. दांतांच्या पेस्टींत व भुकटींत तंबाखू घालण्यास १९९२ सालीं बंदी झाली, परंतु चुलीवर घरीं भाजलेल्या मिस्रीस कोणता कायदा पकडणार? आजी प्रेमानें नातीच्या हिरडीस ती चोळते आणि तेथून तंबाखूची ओळख होते. मोठ्या वर्गांतील मुलांस खऱ्र्याविषयीं आम्ही वर्गांत बोलतोंच. गुटख्यास राज्यांत २०१२ पासून बंदी असली तरी सुपारी, तंबाखू व चुना यांची ही पुडी आपल्या वऱ्हाडांत कोठेंही मिळते. सुपारीनें गालाची आंतली त्वचा ताठ होत जाऊन पुढें तोंडांत दोन बोटें शिरेनाशीं होतात. त्या अवस्थेस पोंचलेल्या तरुणास दंतवैद्य दाढ भरावयाची म्हणतो तरी हात कोठून घालणार?

पाण्याचाही एक मुद्दा आहे. फ्लोराइड अल्प प्रमाणांत दांतांस बळकटी आणतें, पण पिण्याच्या पाण्यांत तें फार झालें तर वाढत्या मुलांच्या दांतांवर पांढरे-तपकिरी पट्टे उमटतात व पुढें हाडेंही बिघडतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कांहीं गांवीं हा त्रास प्रसिद्ध आहे. एक लिटर पाण्यांत दीड मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. एकाच विंधनविहिरीचें पाणी पिणाऱ्या वस्तींत अनेक मुलांच्या दांतांवर सारखे पट्टे दिसत असतील, तर तो घासण्यांतील आळस नव्हे. तेथील पाणी तपासून घेण्यासाठीं ग्रामपंचायतीकडे अर्ज करावा. अर्ज लिहून देण्यास आमचे नववी-दहावीचे विद्यार्थी समर्थ आहेत.

शाळेपुरतें जें ठरलें आहे तें सांगून थांबतों. यापुढें तपासणीच्या चिठ्ठ्या मुलांच्या हातीं न देतां पालकांच्या सहीनें दिल्या जातील, आणि पंधरा दिवसांनीं वर्गशिक्षक त्यांचें काय झालें तें नोंदवहींत लिहितील. दंत महाविद्यालयांत समाजांत जाऊन काम करणारा एक विभाग असतो, व शाळांनीं बोलाविलें तर त्याचे विद्यार्थी शिबिरासाठीं येतात. त्यास दिवाळीच्या सुट्टीनंतर पत्र धाडावयाचें आहे. शिबिर झाल्यास पहिली व दुसरीच्या मुलांस, म्हणजे ज्यांची सहाव्या वर्षाची दाढ नुकतीच आली आहे त्यांस, प्रथम बसविण्यांत येईल. शेजारच्या प्राथमिक शाळेंतील धाकटीं भावंडेंही चालतील. ज्या पालकांस नांव द्यावयाचें असेल त्यांनीं तें कार्यालयांत द्यावें. वर सांगितलेल्या मुलाच्या आईनें आपल्या धाकट्या मुलीचें नांव आधींच दिलें आहे. तिच्या चारही दाढा आम्हीं मोजून पाहिल्या, त्यांतील एकीवर खडूसारखा पांढरा डाग आहे.